माझ्या हातचा ठराव

आमच्या सोसायटीत मराठीत काही लिहायचं निघालं की कागद माझ्याकडे येतो. टाकी धुतली जाणार आहे, गच्चीची किल्ली वॉचमनकडून घ्यावी, अमुक सभासदांच्या मातोश्री वारल्या. सगळं मी लिहिते. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर दुसरं काय येणार? सेक्रेटरीचं पदही त्यामुळेच गळ्यात पडलं. "बाई, तुमचं अक्षर आणि तुमची भाषा," असं म्हणून चेअरमन चंद्रहास सावंतांनी मिनिट्सची वही माझ्या हातात ठेवली, त्याला आता सहा वर्षं झाली.

मी मूळची वसईच्या वाडीतली. हे गेल्यावर आणि मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर एकटीला वाडी झेपेना, म्हणून आचोळ्याच्या या इमारतीत राहायला आले. इथे मुलं पुष्कळ. रोज चार ते सहा मी तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात त्यांना घेऊन बसते. आसपासच्या गल्ल्यांतूनही येतात. फी नाही. फक्त वहीला कव्हर पाहिजे आणि खोटं बोलायचं नाही, एवढंच सांगते.

पूर्वी नावाची मुलगी आली तेव्हा चौथीत होती. शेजारच्या गल्लीत भाड्याने राहायची. तिची आई पिंकी खाजणापलीकडच्या आगरी गावातली. तुळिंजला एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे. वडील इमॅन्युएल, नायजेरियाचे. इथून तयार शर्ट तिकडे पाठवण्याचा त्यांचा धंदा. पूर्वीचा रंग आणि उंची वडिलांची, बोलणं आईचं. ती "पानी" म्हणायची, मी कधी हटकलं नाही.

इमॅन्युएल रोज सहाला तिला न्यायला यायचे. आमचा वॉचमन रामू रोज त्यांच्यापुढे व्हिजिटरची वही सरकवायचा. ते नाव, वेळ, कुणाकडे, सगळं नीट भरायचे. बाकीच्या मुलांचे वडील सरळ आत येऊन उभे राहत. हे मी वर्षभर ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. नियम आहे, तो पाळतात, असं वाटायचं. उलट किती शिस्तीचा माणूस, असंही एकदा मनात आलं होतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला पिंकी माझ्या घरी आली. दारातच चपला काढून उभी राहिली.

"आत ये ना गं."

"बाई, एक सांगाचं होतं. तुमच्या बिल्डिंगमधी तीनशे चार रिकामी हाय ना?"

"प्लासिडची? हो, दिवाळीपासून."

"आमचं अ‍ॅग्रीमेंट या एकतीसला संपतं. मालक परत करत नाय. पाच ठिकानी फिरलो. कोनी देत नाय." तिने ओढणीने मान पुसली. "या टायमाला नाय मिळालं तर मी नर्सिंग होमच्या स्टाफ रूमवर जाईन. हे दोस्तांबरोबर राहतील. आनि पोरीला चर्चच्या सिस्टर लोकांच्या हॉस्टेलला टाकाचं, तिकडं डहाणूच्या पुढं. फॉर्म आनून ठेवलाय मी."

"असं कसं? तू थांब. मी बोलते."

मला खात्री होती, अगदी खरी खात्री. मी कुणात भेद केला नाही कधी, आणि माझा शब्द इथे कुणी मोडत नाही, असं मी धरून चालले होते.

प्लासिड डाबरेला फोन केला. तो नंदाखालला राहतो, ही जागा त्याने गुंतवणूक म्हणून घेतलेली.

"बाई, माझी काय हरकत? मला भाडं आलं का झालं. पन सोसायटीची एनओसी पायजे. उगाच मागून कटकट नको."

मग सावंतांकडे गेले. ते टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "बाई, मला वैयक्तिक काही नाही. माणूस चांगला असेल. पण मेंबर लोक बोलतात. आणि रूल आहे ना आपला."

मेंबरांपैकी दोघींना जिन्यात विचारलं. एक म्हणाली, "आमचं काय, चेअरमन म्हणतील ते." दुसरी म्हणाली, "पोलिसांचंच लफडं असतं ना हो त्यांच्या बाबतीत." कसलं लफडं, ते तिला ठाऊक नव्हतं.

तीन दिवस मी अशी फिरले. नाही म्हणणारा माणूस काही मला सापडला नाही. शेवटी सावंतांनी सांगितलं की, अठरा तारखेला रविवारी सभा आहे, त्यात विषय घेऊ. मी पिंकीला तसं कळवलं आणि निश्चिंत झाले.

सभेच्या आधीच्या शुक्रवारी मला दातांच्या डॉक्टरकडे उशीर झाला. परत आले तर साडेचार वाजून गेले होते. ऑफिसचं दार उघडं, आत मुलांचा हशा. मी जाळीबाहेरच थांबले. मुलं एकटी असताना काय खेळतात ते ऐकायला मला पहिल्यापासून आवडतं.

खेळ होता सोसायटी-सोसायटी. सावंतांचा नातू कौस्तुभ चेअरमनच्या खुर्चीत बसला होता. ऋतिका आणि केयूर हे नवरा-बायको, घर शोधायला आलेले. ऋतिकाने ओढणीचा पदर घेतला होता.

"हां, बोला," कौस्तुभ म्हणाला.

"आम्हाला घर पाहिजे."

"नाही मिळणार. गेट आउट!"

"ए, असं नसतं काही!" पूर्वी ओरडली. "गेट आउट कोनी म्हनतच नाही. तुला येत नाही. सरक, मी करते."

तिने कौस्तुभला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसली. पाठ सरळ केली. चेहरा एकदम मऊ झाला. आवाजही बदलला, "न"चा "ण" झाला.

"या, या. बसा ना. पाणी घेणार? ऊन फार आहे नाही बाहेर?"

ऋतिका-केयूर बसले.

"कुठे असता तुम्ही? मिस्टर काय करतात? अच्छा अच्छा. बिझनेस. कसला बिझनेस पण? नाही, सहज विचारलं. तुमच्याकडे माणसं किती येतात? म्हणजे पाहुणे हो. संध्याकाळी वगैरे? स्वयंपाकात काय असतं? नाही, आमचं काही नाही, वरती म्हातारी माणसं आहेत, त्यांना वासाचा त्रास होतो."

केयूर फिसकन हसला. पूर्वी हसली नाही.

"तुम्ही चांगलेच आहात हो. तुमची मुलगी तर किती गोड, मराठी किती छान बोलते. मला विचाराल तर मी आत्ता चावी देईन. पण एकट्याचं नसतं ना. आता बघा, हा ठराव." तिने टेबलावरची माझी वही उचलून समोर धरली आणि एका दमात म्हटलं:

"'इमारतीतील सलोख्याचे व कौटुंबिक वातावरण जपण्याच्या हेतूने, सभासदांनी आपली सदनिका भाड्याने देताना कार्यकारिणीची पूर्वसंमती घ्यावी, आणि भाडेकरूंची राहणी, आहार व सामाजिक वर्तन हे संस्थेच्या वातावरणास अनुरूप असल्याची खातरजमा करावी.'"

मग वही मिटली आणि गोड हसून म्हणाली, "शोधा हं. मिळेल कुठेतरी. उन्हाचं जपून जा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ते वाक्य माझं होतं.

चार वर्षांपूर्वी सावंत एक चिठोरं घेऊन आले होते. त्यावर लिहिलं होतं, अमुक लोकांना जागा देऊ नये. लोकांची यादीच होती. आफ्रिकन, मुसलमान, एकट्या राहणाऱ्या मुली, आणखी एकदोन नावं, जी मी शाळेत कुणी उच्चारली तर त्याला बाहेर उभं केलं असतं. मी म्हणाले, "सावंत, हे असं लिहितात का? शोभतं का आपल्याला?" ते ओशाळले. "म्हणून तर तुमच्याकडे आणलं, बाई. जरा सभ्य भाषेत करून द्या." मी ती यादी काढून टाकली आणि हे वाक्य लिहिलं. दोनदा खोडलं, "अनुरूप" सुचल्यावर समाधान वाटलं. उद्धटपणा काढून टाकला म्हणून मी स्वतःवर खूश होते. नंतर गल्लीतल्या दोन-तीन सोसायट्यांचे सेक्रेटरी येऊन झेरॉक्स घेऊन गेले, तेव्हाही बरंच वाटलं होतं.

यादी कुठे गेली नव्हती. ती माझ्या वाक्यात जाऊन बसली होती. त्यात कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून तर ते कुणावरही चालवता येत होतं.

मी आत गेले. मुलं पटापट जागेवर बसली. पूर्वी खुर्चीतून उठली.

"बस. कुठे शिकलीस हे?"

"पाच बिल्डिंगमध्ये वाचून दाखवलं आम्हाला. तीन ठिकानी सेम हेच होतं. पाठच झालं. पप्पांना मराठी येत नाही ना, मग मी त्यांना इंग्लिशमध्ये सांगायची." ती थोडी घुटमळली. "बाई, अनुरूप म्हनजे मला नाही सांगता आलं त्यांना. काय असतं?"



"शोभेल असं," मी म्हणाले. "जुळेल असं."

"म्हनजे आम्ही जुळत नाही."

"तसं नाही गं," ऋतिका म्हणाली, "तुमचा जरा कलर..."

"आजोबा म्हणतात, एक आला की दहा येतात," कौस्तुभने सांगितलं. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. पाढा म्हणावा तसं म्हणाला.

माझ्यासमोर अकरा मुलं होती. खोटं बोलायचं नाही, हे मीच त्यांना सांगितलेलं.

"ते वाक्य मी लिहिलंय," मी म्हणाले.

पूर्वीने माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "तुम्ही? म्हनून सोपं गेलं पाठ करायला."

ती ते चांगल्या मनाने म्हणाली. मला वर बघवेना.

त्या दिवशी मी धडा घेतला नाही. मुलांना विचारलं, पूर्वीला घर कोण देत नाही? एकेकाने उत्तर दिलं. मालक. मालक का नाही देत? कारण सोसायटी. सोसायटी का नाही? कारण मेंबर. मेंबर का? कारण चेअरमन. चेअरमन का? कारण ठराव. ठराव कुणी केला? तिथे सगळी थांबली. केयूर म्हणाला, "बाई, हे तर गोल-गोल फिरतंय." मी म्हणाले, "हो. गोल फिरतं, म्हणून कुणाच्याच दारात थांबत नाही. आणि पूर्वी मात्र उन्हात उभी राहते." एवढंच मला त्यांना सांगता आलं. खरं तर मीच ते त्या दिवशी शिकत होते.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. वीस-बावीस माणसं आली. प्लासिडही आला होता, मागे खांबाला टेकून मोबाइल बघत होता. पहिले दोन विषय, टँकर आणि लिफ्टची दुरुस्ती, झाले. सावंत म्हणाले, "विषय तीन. तीनशे चारचा भाडेकरू. बोला कुणाला काय बोलायचं ते."

दुसऱ्या मजल्यावरच्या मालन परब बोलल्या, "माझ्या घरात वयात आलेली नात आहे. लिफ्टमध्ये तो एवढा धिप्पाड माणूस बरोबर आला तर पोरीने करायचं काय?"

धवल म्हणून एक तरुण सभासद आहे, मुंबईला नोकरीला जातो. तो म्हणाला, "मी रेसिस्ट नाही, क्लिअर करतो. पण उद्या मला फ्लॅट विकायचा झाला तर रेट पडणार. प्रॅक्टिकल विचार करा."

"ड्रग्जबिग्ज असतं त्यांच्यात," कुणीतरी मागून म्हणालं.

"कोण बोललं?" मी विचारलं.

"का?"

"लिहायचंय."

नाव आलं नाही. सावंत म्हणाले, "मी आपलं एवढंच म्हणतो, एक आला की दहा येतात. मग आपल्याला इथून उठावं लागेल."

माझी पद्धत अशी की सभेत मी चार शब्द टिपून घेते आणि घरी जाऊन सगळं एका सभ्य वाक्यात बसवते: 'सविस्तर चर्चेअंती असे ठरले की.' त्या दिवशी मी तसं केलं नाही. जे जसं बोललं गेलं, ते तसंच वहीत उतरवलं आणि उभी राहिले.

"वाचून दाखवते. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. 'मालन परब, दोनशे एक: माझ्या घरात वयात आलेली नात आहे. लिफ्टमध्ये तो एवढा धिप्पाड माणूस...'"

"अहो बाई, हे काय! नाव कशाला घालता?"

"तुम्ही बोललात ना?"

"बोलले म्हणजे, बोलण्यात बोलले. लिहिण्यासारखं थोडंच होतं?"

"'धवल, पाचशे दोन: मी रेसिस्ट नाही...'"

"मॅडम, तुम्ही नेहमी लिहिता ना, 'चर्चेअंती ठरले,' तेच लिहा की," धवल म्हणाला. "हे कोर्टासारखं काय चाललंय?"

"चर्चा कुणी केली, तेही आज लिहिते."

"बाई, उन्हाने त्रास होतोय का तुम्हाला?" सावंत हसत म्हणाले. दोन-चार जण हसले. "ठराव तुमचाच आहे. तुम्हीच लिहिलात. आता काय झालं?"

"हो, मीच लिहिला. वहीत माझंही नाव घातलंय. 'सुहासिनी राऊत, चारशे एक: हा ठराव मी लिहिला, आणि कुणाला बाहेर ठेवण्यासाठी लिहितेय ते मला ठाऊक होतं.' आता तो रद्द करावा, असं मी सुचवते. सूचक मी. अनुमोदन कोण देतं?"

कुणी बोललं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. यातल्या निम्म्यांची मुलं माझ्याकडे शिकलीत. आजारपणात माझ्याकडे डबे पोचवणारी माणसं ही. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी टँकरच्या पाइपाकडे. प्लासिडने मोबाइलवरून मान वर केली नाही.

"मग नाकारतो, असं तरी कुणी म्हणावं," मी म्हणाले. "सूचक कोण?"

तेही कुणाला नको होतं. नावासकट नाही म्हणायला त्या पार्किंगमध्ये एकही माणूस तयार नव्हता.

"विषय पुढच्या सभेत घेऊ," सावंत म्हणाले.

"पुढची सभा कधी?"

"जुलैत बघू."

एकतीस मेला तेरा दिवस उरले होते. माणसं खुर्च्या उचलू लागली. कुणी कुणाला नाकारलं नव्हतं, आणि घर गेलं होतं. सावंतांनी मिनिट्सवर सही केली नाही. मी खाली तसं लिहिलं आणि माझी सही केली.

संध्याकाळी पिंकीच्या खोलीवर गेले. जमिनीवर कापडी बॅग उघडी होती आणि पूर्वीचे युनिफॉर्म घड्या घालून ठेवलेले. इमॅन्युएल खिडकीपाशी उभे होते. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"जुलै," मी म्हणाले.

"ऐकलं," पिंकी म्हणाली. "रामूनं सांगितलं. तो बिचारा वाईट नाय."

तिथे येताना वाटेत मी ठरवलं होतं की यांना माझ्याच घरी ठेवून घ्यावं. एक खोली रिकामीच आहे. पण ठरवताना मनात काय काय आलं तेही सांगायला हवं. पुस्तकांची कपाटं कुठे हलवू, स्वयंपाकघर एकच, ते मोठ्याने बोलतात का, मुलगा काय म्हणेल. एकेक कारण सरळ, साधं आणि सभ्य होतं. माझ्याच वाक्यासारखं. ती कारणं ओलांडायला मला आचोळ्याच्या तळ्याला उगाच वळसा घालून येईपर्यंतचा वेळ लागला.

"माझ्याकडे राहा," मी म्हणाले.

पिंकीने इमॅन्युएलना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. पिंकी म्हणाली, "नको, बाई. तुमच्याकडं राहलो तर पावनं म्हनून राहनार. किती दिस? मी नोकरी करतंय, हे धंदा करतात. आमाला भाड्यानंच पायजे. सगल्यांसारखं."

मी उठू लागले तशी तिने मला थांबवलं.

"रामू म्हनला, तुमी सगलं लिवलंय. कोन काय बोललं ते. नावासकट."

"हो."

"त्याची कॉपी द्या मला. सही करून. पाच बिल्डिंग फिरले बाई, सगले पान्याचा ग्लास देऊन बोलले. कोनाचं काय हातात ठेवलं नाय कोनी. कुटं जाऊन दाखवू? काय दाखवू?"

सेक्रेटरी म्हणून प्रत देणं माझ्या हातात होतं. दिल्यावर त्या इमारतीत माझं काय होईल, हेही मला कळत होतं. मी वही पिशवीतून काढली आणि तिथेच बसून नक्कल करू लागले. जुन्या सवयीने म्हणाले, "पूर्वी, ताडून बघायला कुणीतरी मोठ्याने वाचावं लागतं." बोलून गेले आणि जीभ चावली.

ती तोवर वही घेऊन बसली होती. वर्गात वाचते तशी, स्वल्पविरामाला थांबत, स्वच्छ आवाजात वाचू लागली. "'...तो एवढा धिप्पाड माणूस बरोबर आला तर पोरीने करायचं काय?'" इमॅन्युएल बघत होते. त्यांनी विचारलं, काय वाचतेय? पूर्वी म्हणाली, "मीटिंग, पप्पा." आणि पुढे वाचलं.

"राहू दे बाळा, मी बघते," मी म्हणाले.

"थांबा, अजून दोन जन आहेत."

सोमवारी पिंकी आणि मी सहकार खात्याच्या ऑफिसात गेलो. टेबलामागच्या बाईंनी पिंकीचा तक्रार अर्ज वाचला, प्रत वाचली, मग चष्मा काढून मला विचारलं, "सेक्रेटरी तुम्ही? उपविधी वाचलेत का कधी?"

"नाही."

"भाडेकरू ठेवताना मेंबरने सोसायटीला कळवायचं असतं. परवानगी मागायची नसते. हा ठराव कुठून आला मग?"

सहा वर्षं वही माझ्याकडे होती आणि उपविधींचं पुस्तक त्याच कपाटात. दुसऱ्याचं वाचून खुणा करायची सवय, पण ते पुस्तक मी उघडलं नव्हतं. मी म्हणाले, "माझ्याकडून." बाईंनी अर्जावर पोच दिली. सोसायटीला पत्र जाईल, पण वेळ लागेल, असं सांगितलं.

दुपारीच प्लासिडचा फोन आला. पिंकीने त्याला प्रतीचा फोटो मोबाइलवर पाठवला होता.

"बाई, माझं नाव कशाला घातलं त्या कागदात?"

"तुम्ही जे केलंत तेच लिहिलंय."

"मी तर काय बोललोच नाय!"

"तेच लिहिलंय. 'मालक प्लासिड डाबरे हजर होते, काही बोलले नाहीत.'"

"आमच्या चर्चमध्ये चार मानसं हा कागद नाचवत फिरतील," तो म्हणाला. "कागद मागं घ्यायला सांगा. मी अ‍ॅग्रीमेंट करतो."

"कागद माझा नाही. पिंकीचा आहे. तिला विचारा."

त्याने विचारलं. पिंकीचं उत्तर मला तिनेच नंतर सांगितलं: "आधी चावी."

एकोणतीस तारखेला टेम्पो आला. सामान फारसं नव्हतं. इमॅन्युएल आणि रामूने कपाट जिन्याने वर चढवलं, कारण लिफ्ट नेमकी त्या दिवशी बंद ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावरची दारं लागलेली होती. आतून टीव्हीचे आवाज येत होते. कुणाचं मन बदललं म्हणून हे घर मिळालं नाही. कागदावर आपलं नाव राहू नये एवढ्यासाठी मिळालं. मी मुलांना खोटं शिकवत नाही, म्हणून हेही लिहून ठेवते. हॉस्टेलचा फॉर्म पिंकीने फाडला नाही. तिने तो कपाटात ठेवला, वेळ सांगून येत नाही म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोर्डावर धवलची नोटीस लागली, इंग्रजीत: ऑफिसची खोली यापुढे फक्त ऑफिसच्या कामासाठी. वही माझ्याकडून घेतली गेली. मी गल्लीतल्या तिन्ही सोसायट्यांत जाऊन आले, माझं वाक्य काढून टाका म्हणून. एकीने ऐकलं. दुसरीचे सेक्रेटरी चहा देऊन म्हणाले, "बाई, एवढं छान लिहिलंय, राहू द्या की." तिसरे भेटले नाहीत. पुन्हा जाणार आहे.

शिकवणी आता माझ्या घरी असते. पुस्तकांचं कपाट भिंतीकडे सरकवलं, चटई टाकली. अकरातली तीन मुलं येतात: ऋतिका, पूर्वी, आणि एक दिवसाआड केयूर. कौस्तुभ जिन्यात भेटला की मान खाली घालून पळतो.

पहिल्या दिवशी चारला पूर्वी सगळ्यांत आधी आली. चटईवर बसून दाराकडे बघत राहिली.

"बाई, कौस्तुभ नाही आला."

"नाही."

"त्याला बरं नाहीये?"

"बरा आहे. त्याला पाठवत नाहीत."

"कोन पाठवत नाही?"

तोंडात आलं होतं, 'घरचे म्हणाले असतील काहीतरी.' मी ते गिळलं.

"त्याचे आजोबा. चंद्रहास सावंत. तू इथे राहायला आलीस म्हणून."

तिने थोडा वेळ विचार केला. मग "बरं" म्हणाली आणि वही उघडून पानाच्या कोपऱ्यात तारीख घातली.